समुद्र डाव्या हाताला

आमच्या घरात देवापुढचा दिवा वर्षानुवर्षं तासभर उशिरा लागायचा. उशिरा म्हणजे कोलकात्याच्या मानाने. थंडीत इथे पाच वाजतात न वाजतात तोच अंधारायला लागतं. डमडमच्या आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर शंख वाजतात, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू डोक्यावर पदर घेऊन दारात धूप दाखवतात, आणि माझ्या सासूबाई मात्र ट्यूबच्या उजेडात निवांत मटार सोलत बसलेल्या असायच्या. निरांजन घासून ठेवलेलं, फुलवात तुपात भिजलेली, काडेपेटी शेजारी. पण काडी ओढायची ती तिकडे कोकणात, त्यांच्या माहेरच्या गावात, सूर्य समुद्रात बुडाला की.

लग्न होऊन मी पुण्याहून इथे आले तेव्हा मला हा विसराळूपणा वाटला. नव्या सुनेचा उत्साह अंगात होता, म्हणून एकदा शंख वाजल्याबरोबर मीच दिवा लावून टाकला. सासूबाईंनी तो जळू दिला आणि तासाभराने शेजारी दुसरा लावला. रात्री जेवताना मग मला सगळं सांगितलं. त्या लग्नानंतर गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आल्या, तेव्हा माहेरी ट्रंक कॉल करणं ही चैन होती. त्यांची आई सूर्य पाण्याला टेकला की ओटीवरून उतरून तुळशीपाशी दिवा लावायची. तिला त्यासाठी घड्याळ लागत नसे. इकडे मुलीने घड्याळ बघून तोच क्षण धरला.

"मी इथे काडी ओढली की तिकडे आई ओढतेय, एवढं कळायचं," त्या म्हणाल्या. "तेवढंच आमचं बोलणं."

पुढे आई गेली. मग धाकट्या भावाची बायको तिथे दिवा लावू लागली, मोबाइल आले, बोलणं रोजचंच झालं. वेळ मात्र बदलली नाही.

माझ्या सासऱ्यांनी आपल्या परीने प्रयत्न केले होते म्हणे. क्वार्टर्सच्या गच्चीवरून नदी दिसायची. लग्नानंतर पहिल्याच थंडीत ते बायकोला हौसेने वर घेऊन गेले आणि म्हणाले, "बघ, इथेही सूर्य पाण्यातच मावळतो." सासूबाईंनी शेवटपर्यंत नीट पाहिलं. "पाण्यात कुठे, पलीकडच्या झाडांत गेला," असं म्हणून त्या खाली येऊन कुकर लावायला लागल्या. सासरे ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी डमडमला हा फ्लॅट घेतला, आणि थोड्याच वर्षांत ते गेले. आता आमच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे आणि डोक्यावरून विमानं जातात. सूर्य कुठे उगवतो नि कुठे मावळतो हे इथे फक्त वाळत घातलेल्या कपड्यांना कळतं.

या भिंतीकडे बघत एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "मी आता भावाकडे जाऊन राहीन म्हणते."

थोडे दिवस नाही. राहायलाच. भावाला कळवूनही झालं होतं, आणि भाऊ तिकीट काढायला एका पायावर तयार होता. माझा नवरा लॅपटॉपमधून डोकं वर काढून "ठीक आहे, आई, तुला बरं वाटेल ते कर," असं म्हणाला, आणि मला त्याचा इतका राग आला की मी भांडी आपटत घासली. तो कोलकात्यातच जन्मला, इथेच वाढला. त्याला राग आला तर तोही बंगालीत येतो, आणि तो फारसा येतच नाही. या शहरात मी मराठीत मनसोक्त भांडू शकते असं एकच माणूस आहे, आणि ते निघालं होतं. खरं सांगायचं तर मला त्या जायला नको होत्या. फोडणी जळल्याचा वास स्वयंपाकघराबाहेरून ओळखून "अगं, गॅस!" असं ओरडणारं कोणी नसलेलं घर मला नको होतं.

मी आर्किटेक्ट आहे. लोक रडतात, देवाला नवस बोलतात. मी नकाशा काढते.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची जागा होती. कोलकात्यापासून दक्षिणेला, गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, जिथे नद्या समुद्राला मिळतात तिथे. आम्ही ती घ्यावी की नाही असं बरेच दिवस घोळत होतो. मी म्हटलं, घ्यायची. तिथे घर बांधायचं, लाकडाचं आणि बांबूचं, चारही बाजूंनी उघडं. थंडीचे महिने तिकडे, एरवी डमडम. नवरा तिथूनही काम करू शकतो, मी येऊन-जाऊन राहीन, आणि सासूबाईंना समुद्र मिळेल. मग भावाकडे कशाला जायला हवं?

जागा बघायला गेलो त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं. सुरूच्या झाडांच्या रांगेपलीकडे करडा समुद्र, वर करडं आकाश, मध्ये रेघसुद्धा दिसत नव्हती. सासूबाईंनी चपला काढल्या, समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पश्चिम. ओटी इकडे हवी. स्वयंपाकघर मागे, पूर्वेला." मी मान डोलावली. नवऱ्यानेही डोलावली. माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये होकायंत्र होतं. ते उघडून बघावं असं तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. समुद्र म्हणजे पश्चिम, यात बघायचं काय?

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत निळा पट्टा ओढला. शाळेत महाराष्ट्राचा नकाशा काढताना आपण सगळे हेच करतो. आधी डावीकडे निळा रंग, मग बाकीचं राज्य. त्या पट्ट्याला लागून ओटी काढली, तिच्यावर मावळतीचं ऊन अडवायला पुढे काढलेलं छप्पर, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर. घर जमिनीवर टेकायचं नव्हतं. शालवृक्षाचे गोल खांब, त्यांवर फळ्यांची जमीन, म्हणजे वादळात पाणी आलं तर ते खालून निघून जाईल. भिंतींच्या जागी बांबूच्या तट्ट्या, वर बिजागरीला टांगलेल्या. हव्या तेव्हा उचलून काठीचा टेकू द्यायचा, नको तेव्हा पाडायच्या. छप्पर तिकडे खाडीत वाढणाऱ्या, गोलपाता नावाच्या ताडाच्या पानांचं. आणि मधोमध विटांची, स्लॅब घातलेली एक पक्की खोली, न्हाणीघराला लागून. चक्रीवादळाच्या वेळी तिच्यात शिरून दार लावून घ्यायचं.

"ही कोठडी कुणासाठी?" सासूबाईंनी चौकशी केली.

"वादळात लपायला."

"असं होय. मला वाटलं, सासूसाठी."

घराला दारं-खिडक्या नसणं नवऱ्याला जरा जड जात होतं. साप येतील, तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "साप काय कुलूप बघून परत जातो?" त्या दिवशी मला कळलं की त्यांना घर आवडायला लागलं आहे.

मग मी घराचं मॉडेल केलं. एस्प्लनेडच्या रोलच्या गाडीवाल्याकडून कबाबाच्या बांबूच्या काड्या मागून आणल्या; तो आधी संशयाने बघत होता, मग त्याने मूठभर काढून दिल्या. पानांच्या छपरासाठी नारळाच्या शेंड्या. टेबलाची डावी कड म्हणजे समुद्र. रोज जेवणं आटोपली की नवरा मोबाइलचा टॉर्च लावायचा, दिवा मालवायचा, आणि ओटीसमोर सूर्य होऊन हळूहळू टेबलाच्या कडेखाली बुडायचा. काड्यांच्या सावल्या लांब होत जात, पार मागच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत. सासूबाई खुर्ची ओढून बसायच्या. "जरा हळू बुडव रे," असं सांगायच्या. एकदा त्यांनी तांदळाचा एक दाणा ओटीच्या पायरीशी ठेवला आणि म्हणाल्या, "ही मी. दिवा इथे लावीन." भावालाही फोनवर सांगितलं, "जरा थांब, तिकिटाची घाई करू नकोस. सुनेने समोर सूर्यास्त काढलाय." मी आतल्या खोलीत होते. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

सर्व्हेअरचा नकाशा आला तो बरोबर वरच्या बाजूला उत्तरेचा बाण घेऊन. समुद्र कागदाच्या तळाशी होता.

मी कागद फिरवून पाहिला. समुद्र डावीकडे आला, पण बाणही फिरला. माझी पहिली समजूत अशी की सर्व्हेअर चुकला. दुसरी समजूत अशी की बाण काढणारा मुलगा चुकला. तिसरी समजूत यायच्या आत मी आमच्या कंत्राटदाराला फोन लावला. हा माणूस मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणतो आणि एरवी दुर्गापूजेचे मंडप उभारतो. बांबू कसा बांधायचा ते त्याच्याकडून घ्यावं आणि बाकी काहीही त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं मत होतं. मी विचारलं, समुद्र नक्की कुठल्या दिशेला आहे? तो पोट धरून हसला.

"बौदी, सागर तो दक्षिण में ही है ना! पश्चिम में कहाँ से लाऊँ?"

पुढे त्याने अर्धा तास मला माझ्या भाग्याबद्दल सांगितलं. दक्षिणेला उघडं घर! त्यासाठी कोलकात्यातले लोक फ्लॅटला जास्त भाव देतात, आणि मला ते फुकटात मिळतंय. उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला की बघा, तो म्हणाला. त्याचं खरंच होतं. हे सगळं मला माहीत होतं. इथल्या कितीतरी गिऱ्हाइकांना मीच दक्षिणेकडे गॅलऱ्या काढून दिल्या आहेत. बंगालच्या उपसागराचा नकाशा शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पण सासूबाई, त्यांचा मुलगा आणि मी, आम्ही तिघं कोकणातला समुद्र गाडीत घालून घेऊन गेलो होतो आणि तिथे मांडून आलो होतो.

सांगणं भाग होतं. त्या रात्री नवऱ्याने टॉर्च लावला तेव्हा मी त्याचा हात धरून तो टेबलाच्या डाव्या कडेवरून उचलला आणि घराच्या कुशीला, ओटीवर बसणाऱ्याच्या उजव्या हाताला नेला. "सूर्य इथे मावळतो, आई," मी म्हटलं. "कोळ्यांच्या वस्तीमागे. समोर नाही."

सासूबाईंनी पायरीशी ठेवलेला तो तांदळाचा दाणा चिमटीत उचलला आणि ताटातल्या उरलेल्या भातात टाकला.

"घर छान काढलंयस गं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं राहा. वास्तुशांत झाली की मी निघेन."

मला रडू आलं नाही, संताप आला. सूर्य काय एवढा महत्त्वाचा? समुद्र आहे, वारा आहे, मुलगा आहे, मी आहे. हे सगळं मी बोलूनही दाखवलं, आवाज चढवून. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला राग आलाय, तो बरोबर आहे. पण मला कुणाच्या घरात नुसतं बरं चाललंय म्हणून राहायचं नाही. तसं मी खूप राहिले." नंतर कित्येक दिवस भांडणाचं एकेक चोख वाक्य आंघोळ करताना सुचत राहिलं, पण त्यातलं एकही त्यांच्या म्हणण्यापुढे टिकलं नसतं.

मी कामाला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. वर्षभरात सूर्य कुठून कुठे सरकतो याचे तक्ते आम्ही कॉलेजात काढलेले असतात आणि मग कॉम्प्युटरवर सोपवून विसरलेले असतात. ते मी पुन्हा हाताने काढायला घेतले. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकून थेट जमिनीवर मावळतो. तिथे काही करता येण्याजोगं नव्हतं. पण थंडीत तो दक्षिणेकडे झुकतो. दिवाळी झाली की मावळतीची जागा वस्तीवरून सरकत सरकत पाण्यावर येते आणि शिवरात्रीपर्यंत पाण्यावरच राहते. समोर नव्हे, उजव्या हाताला, तिरकी. किनाऱ्याला समांतर घर बांधलं तर ती ओटीच्या शेवटच्या खांबाआड जाणार. म्हणजे घर तिरकं बांधायला हवं, आणि त्या कोपऱ्यात खांब नको.

मी नवा नकाशा केला. ओटी दोन बाजूंना वळवली आणि तिचा कोपरा नैर्ऋत्येला आणला. कोपऱ्यातला खांब आत ओढला, आणि छपराचा भार तिरक्या वाशांवर घेतला. कंत्राटदाराने कागद पाहिला, मान वाकडी करून पुन्हा पाहिला. घर ट्यारा झालंय बौदी, तो म्हणाला, म्हणजे चकणं झालंय. रस्त्यावरून लोक हसतील. थंडीत सूर्य कुठे मावळतो ते त्याला समजावून मी म्हटलं, हसू देत.

सासूबाईंना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही बजावलं. एकदा सूर्यास्त कबूल करून तोंडघशी पडले होते. आता पुन्हा टॉर्च लावून "थांबा, थंडीत दिसेल हं" असं म्हणायची माझी तयारी नव्हती. शिवाय थंडीत तिकडे क्षितिजावर धुरकट थर असतो. सूर्य पाण्यापर्यंत पोचेलच याची खात्री कोण देणार? आणि गार्डन रीचच्या गच्चीवर काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. झाडांत गेलेला सूर्य ज्यांनी मोजला नाही, त्या धुरक्यात गेलेला मोजणार नाहीत.

पावसाळा संपल्यावर बांबू तोडले आणि जागेलगतच्या तळ्यात बुडवून ठेवले, म्हणजे पुढे कीड लागत नाही. काही आठवड्यांनी बाहेर काढले तेव्हा असा वास सुटला की नवरा गाडीत काचा लावून बसला. सासूबाई त्या दिवशी आल्या होत्या. त्या तळ्याच्या काठाशी उभ्या राहून वास घेत होत्या. "आमच्याकडेही असाच यायचा," म्हणाल्या. मग कंत्राटदाराशी आपल्या तोडक्यामोडक्या बंगालीत पुष्कळ वेळ बोलल्या. काय बोलत होत्या ते मी विचारलं नाही. मी खांबांच्या खड्ड्यांची खोली बघण्यात गुंतले होते.

हळूहळू घर उभं राहिलं. खांब आले, त्यांवर आढं चढलं, वासे बसले, तट्ट्या विणून झाल्या. फळ्यांच्या फटींतून खालची वाळू दिसायची. काम अजून चालू होतं तोच घरात बिऱ्हाडं आली. मैनांनी छपराखाली घरटं केलं, संध्याकाळी लाल खेकडे पायऱ्यांखालून मिरवत जायचे. सुतार फळी ठोकायचा थांबला की समुद्र ऐकू यायचा. मी आजवर पुष्कळ घरं केली, त्यांत राहायला गेलेल्यांचा मला कधी हेवा वाटला नव्हता. या घराचा वाटला.

आणि मग एका शनिवारी मी जाऊन बघते तो काय, माझ्या त्या मोकळ्या कोपऱ्याला लोखंडी ग्रिल! हिरवा ऑइल पेंट दिलेलं, वर कमळाची नक्षी. कंत्राटदार शेजारी उभा राहून कौतुकाची वाट बघत होता. म्हणाला, "सिक्युरिटी, बौदी. पैसा नहीं लूँगा, ये मेरी तरफ से." ग्रिल नसलेलं घर या माणसाने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि घरात म्हातारं माणूस राहणार म्हणून त्याला खरोखर काळजी वाटली होती. मी त्याच्यावर जे काही ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ग्रिल त्याच दिवशी काढायला लावलं. सासूबाईंनी ते परसात रोवून घेतलं आणि त्यावर वालाचा वेल चढवला. आपण निघून जाणार असलेल्या घरात वेल कशाला लावायचा, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

वास्तुशांत मार्गशीर्षात झाली. डमडमहून ओळखीची दोन-तीन कुटुंबं पहाटे निघून आली, दुपारी खिचडी, लाबडा म्हणजे इथली मिसळीची भाजी, आणि श्रीखंड अशी अजब पंगत झाली, आणि ऊन कलायच्या आत सगळे परतले. सासूबाईंचा भाऊ आला नव्हता. आंब्याला मोहोर धरण्याचे दिवस, फवारण्यांची घाई. त्याला बाग सोडता येईना. पण त्याने आठवड्याभरानंतरचं तिकीट बघून ठेवलं होतं, "ताई, तू फक्त हो म्हण, लगेच काढतो," असं सकाळीच फोनवर सांगितलं होतं. सासूबाईंनी "संध्याकाळी सांगते" म्हटलेलं मी ऐकलं होतं. तेव्हापासून माझा कशात जीव नव्हता. होमाचा धूर डोळ्यांत गेला म्हणून बरं झालं.

चार वाजून गेले. उत्तरेचा गार वारा येत होता, म्हणून मागच्या तट्ट्या पाडल्या. पुढची बाजू पूर्ण उघडी होती. मी काही न सांगता सासूबाईंची खुर्ची त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. त्या काही न विचारता येऊन बसल्या, शाल पांघरून. नवरा पायरीवर बसला. सूर्य खाली येत होता आणि क्षितिजावर तोच धुरकट पट्टा होता, ज्याची मला धास्ती होती.

सूर्य त्या पट्ट्यात शिरला आणि फिका पडला. झालं, संपलं, असं मला वाटलं. एवढं चकणं घर बांधलं आणि सूर्य वीतभर आधी विरघळणार. मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या. पण तो विरघळला नाही. लालभडक होऊन, खालून जरा चपटा होऊन तसाच उतरत राहिला, आणि पाण्याला टेकला. मग अर्धा झाला. मग काठच उरला. मग काहीच नाही. मला सासूबाईंकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

कोळ्यांच्या वस्तीत शंख वाजला. मग दुसरा, तिसरा, लांबून आणखी एक.

सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, थंडी वाजत असेल. त्या बाहेर आल्या त्या निरांजन आणि काडेपेटी घेऊन. तिकडे कोकणात या वेळी लख्ख ऊन असणार. तासाभराहून जास्त अवकाश होता. नवऱ्याने "आई, अजून वेळ आहे" असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मी त्याचा दंड असा धरला की त्याने ते मिटून घेतलं. सासूबाई पायरीशी बसल्या. पाठीमागच्या तट्ट्यांमुळे वारा अडला होता. पहिल्याच काडीत वात पेटली. त्यांनी हात जोडले, नेहमीसारखं पुटपुटल्या, आणि मग पदराखालून फोन काढला.

"दिवा लावला रे," त्या भावाला म्हणाल्या. "हो, आत्ता... नाही, विसरले नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. इथला सूर्य बुडाला म्हणून लावला." मग पलीकडून तो काहीतरी बराच वेळ बोलला. सासूबाई ऐकत होत्या. "हो. पाण्यातच," त्या म्हणाल्या. "मी शेवटपर्यंत बघितला." आणि मग: "तिकीट माझं काढू नकोस. तुझं काढ. फवारणी आटोपली की बायकोला घेऊन ये. पण शिवरात्रीच्या आत ये हं, पुढे इथला सूर्य जमिनीवर जातो."

मी बघतच राहिले. "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"तुझ्या त्या ग्रिलवाल्याने," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तळ्यापाशी विचारलं मी त्याला, खांबांचे खड्डे असे तिरके कशाला म्हणून. तुला विचारलं असतं तर तू पुन्हा टॉर्च घेऊन बसली असतीस."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. मी तोंड फिरवून आत जाऊन चहा टाकला. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "आलं घाल गं, आणि गॅस बारीक ठेव!"

चहा झाला, अंधार पडला. फळ्यांच्या फटींतून निरांजनाचा उजेड खाली वाळूवर पडला होता, आणि एक खेकडा त्या उजेडात यावं की न यावं असा विचार करत थांबला होता. आम्ही तिघं बसून होतो. मग फोन वाजला. भावाचा होता. त्याच्याकडे आत्ता सूर्य बुडाला होता, दिवा लागला होता, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

आमचं निरांजन तोवर विझत आलं होतं. फोन कानाशी धरूनच त्यांनी हाताने तुपाची वाटी चाचपली आणि निरांजनात आणखी तूप घातलं.